एकाच साइटवर अपाचे अन् नोड

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटाची जुनी साइट अपाचे या वेब सर्व्हरवर (पानं पाठवणारा प्रोग्राम), पीएचपी भाषेत. कापसाच्या भावाचं नवं पान पोट्ट्यानं नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) लिहिलं. दोघांनाही पोर्ट ८०च पाहिजे, म्हणजे ब्राउझर साइटसाठी ज्या नंबरच्या दारावर येते तेच! मग पुढं, ८० वर, एनजिनएक्स बसवलं; ते पत्ता पाहून मागणी मागच्या प्रोग्रामकडे देते. अपाचे ८०८० वर, नोड ३००० वर. '/भाव/' नोडकडे, बाकी सारं अपाचेकडे.

तरी भावाच्या पानावर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. नोडला पत्ता '/भाव/आज' असा जात होता, त्याला नुसतं '/आज' कळते. एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये मागणी कुठं द्यायची ते सांगणाऱ्या प्रॉक्सी-पासच्या ओळीत ३००० नंतर एक तिरकी रेघ दिली, तसं पुढचं '/भाव' गळालं अन् पान उघडलं. एवढ्याशा रेघेनं डोकं खाल्लं होतं.

लाइन जाऊन आली की अपाचे, एनजिनएक्स आपोआप उठतात, नोड नाही उठत. त्याची सिस्टमडी (लिनक्सवर प्रोग्राम सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिस करून 'इनेबल' केली, म्हणजे मशीन सुरू झालं की तेही आपोआप उठते. आमच्याकडं लाइन रोजच जाते, त्यामुळं हे आधी करा.