संरक्षण संशोधनात मेटलर्जिस्ट व्हायचंय? आधी हात तयार करा

बारावीचे निकाल लागले की आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत कुणी ना कुणी जिन्यातच गाठतं. "मॅडम, मुलीला डीआरडीओत जायचंय. कुठला क्लास लावू?" डीआरडीओ म्हणजे संरक्षण खात्याची संशोधन संस्था. मी मेटलर्जिस्ट, म्हणजे धातुशास्त्रज्ञ. उमेदीची वर्षं संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत धातूंवर काम करण्यात गेली. आता वागळे इस्टेटमधल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये नमुने तपासते आणि शिकाऊ मुलामुलींना हाताशी धरून शिकवते. क्लासचं नंतर बघू, आधी हात आणि नजर तयार करा, असं मी प्रत्येकाला सांगते. ते कसं करायचं, हे एकदा सविस्तर लिहिते आहे.

हे काम नेमकं कसलं असतं ते आधी समजून घ्या. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पितळी नळकांड्यांना आपोआप भेगा पडायच्या. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं ते पितळ. पत्रा ओढून नळकांडं बनवताना धातूत ताण अडकून राहतो. त्यावर दमट हवा आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया यांचा मारा झाला की न वापरलेली गोळीसुद्धा पेटीत पडल्यापडल्या फाटते. उपाय निघाला तो असा, की बनवल्यावर नळकांडं हलकंसं तापवून आतला ताण काढून टाकायचा. धातू, त्यातला ताण आणि भोवतालची हवा या तिन्हींचा एकत्र विचार करायची सवय ज्याला लागली, तो या क्षेत्रात टिकतो.

हे काम कुठे चालतं? हैदराबादच्या कांचनबागेतली डीएमआरएल ही डीआरडीओची धातूंवरची मुख्य प्रयोगशाळा, १९६३ पासूनची. रणगाड्याचं चिलखत, टायटॅनियम, जेट इंजिनाच्या पात्यांचे मिश्रधातू, हे सगळं तिथलं. 'कांचन' चिलखताचं नाव त्या परिसरावरूनच पडलं. शेजारीच मिधानी हा खास मिश्रधातूंचा कारखाना आहे. आणि आपल्या ठाणे जिल्ह्यातच, अंबरनाथला, नौदलाला लागणाऱ्या धातू-पदार्थांवर काम करणारी डीआरडीओची एनएमआरएल आहे. रोज कर्जत लोकलने जाणाऱ्या कित्येकांना ती ठाऊक नसते, याचं मला फार वाईट वाटतं. खारं पाणी, गंज, जहाजाचे रंग आणि पाणबुडीसाठी फ्युएल सेल (रासायनिक क्रियेतून वीज बनवणारे) हे तिथले विषय. डीआरडीओचे दशकभर प्रमुख राहिलेले डॉ. व्ही. एस. अरुणाचलम हे मेटलर्जिस्टच होते. त्यांच्या कारकिर्दीचा सुरुवातीचा काळ वाशीच्या खाडीपलीकडच्या बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, गेला होता. तेव्हा दार फक्त एकच आहे असं समजू नका. बीएआरसी, इस्रो, कल्पक्कमचं अणुसंशोधन केंद्र, मिधानी, सगळीकडे मेटलर्जिस्ट लागतो.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते, कारण ही माहिती कुठेही मिळते. बारावीनंतर मेटलर्जी किंवा मटेरियल्स शाखा घ्या. पुण्याच्या सीओईपीला सीईटीतून, नागपूरच्या व्हीएनआयटीला जेईई मेनमधून, पवईच्या आयआयटीला ॲडव्हान्स्डमधून. कॉम्प्युटरपेक्षा कट-ऑफ खाली लागतो म्हणून ही शाखा हलकी समजणाऱ्यांचं ऐकू नका. मग गेट ही इंजिनिअरिंगच्या पदवीनंतरची परीक्षा, मेटलर्जीचा पेपर 'एमटी' कोडचा. त्या गुणांवर डीआरडीओच्या आरएसी या निवड मंडळाकडून 'सायंटिस्ट बी' पदाच्या मुलाखतीचं बोलावणं येऊ शकतं. सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. डिप्लोमावाल्यांसाठी सेप्टम या डीआरडीओच्याच दुसऱ्या भरती विभागाची परीक्षा असते. एम.टेक.नंतर एखाद्या प्रयोगशाळेत जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) म्हणून शिरायचं, हा रस्ता मला स्वतःला सगळ्यांत चांगला वाटतो. काम आपल्याला झेपतंय की नाही, आवडतंय की नाही, हे त्यात कळतं.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच कॉलेजचं पत्र घेऊन वागळे, रबाळे, महापे, तुर्भे इथल्या लॅब आणि हीट ट्रीटमेंटच्या (धातू तापवून-थंड करून गुण बदलण्याच्या) शॉपमध्ये जा. पत्रं ईमेलने पाठवत बसू नका, स्वतः जाऊन भेटा. मोठ्या कंपनीच्या एसी ऑफिसातल्या सर्टिफिकेटपेक्षा भट्टीशेजारचा एक महिना जास्त शिकवतो. मुलींच्या आईबाबांना शॉप फ्लोअरची काळजी वाटते. सेफ्टी शूज, गॉगल आणि नीट शिकवणारा सुपरवायझर आहे ना, एवढं बघून निर्धास्त पाठवा.

तिथे गेल्यावर पहिली मागणी करा ती मायक्रोचा पीस, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायचा धातूचा तुकडा, स्वतः बनवायची. पीस कापताना कूलंट भरपूर सोडा. कापताना तापला तर स्ट्रक्चर (धातूची आतली रचना) बदलतं आणि मग तुम्ही जॉबचं (तपासायच्या वस्तूचं) नाही, कटिंग व्हीलनं केलेलं स्ट्रक्चर बघत बसता. बेकेलाइट या प्लास्टिकमध्ये माउंट करा. मग घासायचे पेपर, खरखरीतपासून बारीककडे: २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००. दर पेपरला पीस काटकोनात फिरवायचा आणि आधीच्या पेपरचा शेवटचा ओरखडा जाईपर्यंत पुढच्या पेपरला हात लावायचा नाही. घाई केली की नेमका ४०० चा एक ओरखडा मायक्रोस्कोपखाली खंदकासारखा दिसतो. दाब सगळीकडे सारखा हवा. एका बाजूला जोर गेला तर कडा गोल होते, आणि डीकार्ब (कार्बन उडून गेलेला थर) शोधायचा असतो तो कडेलाच. शेवटी मखमलीच्या कापडावर अल्युमिना किंवा डायमंड पेस्ट, आरशासारखी चमक येईपर्यंत.

लगेच एचिंगला, म्हणजे ॲसिडने रचना उघडी करायला, धावू नका. आधी आहे तसाच पीस मायक्रोस्कोपखाली ठेवा. इन्क्लुजन, म्हणजे धातूत अडकलेले परके कण, याच वेळी स्वच्छ दिसतात: रोलिंगच्या दिशेने लांबलेले करडे सल्फाइड, काळ्या ठिपक्यांच्या माळेसारखे अल्युमिना. चिलखताचं किंवा जहाजाचं स्टील पास की नापास, याचा अर्धा निकाल इथेच लागतो. त्यानंतर नायटल हे एचिंगचं द्रावण बनवा. ९८ मिली अल्कोहोलमध्ये २ मिली नायट्रिक ॲसिड, नेहमी अल्कोहोलमध्ये ॲसिड घालायचं, गॉगल लावून, फ्यूम हूडखाली. लागेल तेवढंच बनवा, घट्ट बुचाच्या बाटलीत साठवून ठेवू नका. पीस काही सेकंदच बुडवायचा. चमक जराशी मंदावली की बाहेर काढा, पाण्याखाली धरा, अल्कोहोलने धुवा, हेअर ड्रायरने वाळवा. आधी १०० पटीत सगळा पीस फिरून बघा आणि मगच ५०० पटीत शिरा. उलटं केलंत तर एका कोपऱ्यातल्या स्ट्रक्चरवरून सगळ्या जॉबचा निष्कर्ष काढाल.

ठाण्यातल्या पावसाळ्याचं वेगळं सांगते. जुलैत पॉलिश केलेला पीस टेबलावर तसाच ठेवून घरी गेलात तर सकाळी त्यावर तांबेरा आलेला असतो. डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवायचा, आणि आतली निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर ती आधी ओव्हनमध्ये सुकवून घ्यायची. कळव्याची एक मुलगी आमच्याकडे शिकायला आली होती. ती रोज आल्याबरोबर आधी डेसिकेटर बघायची, मग पाणी प्यायची. तेव्हाच मी तिच्या प्रोफेसरांना कळवलं, ही मुलगी संशोधनात जाईल.

दुसरी गोष्ट शिका ती मोडलेल्या तुकड्याचा चेहरा वाचायला. चार्पी म्हणजे हातोड्याच्या एका घावात नमुना तोडायची टेस्ट. तिचा नमुना १० बाय १० मिलिमीटर जाडीचा, ५५ मिलिमीटर लांब, मध्ये २ मिलिमीटरची व्ही खाच. थंड टेस्ट असेल तर अल्कोहोल आणि ड्राय आइसच्या बाथमधून काढल्यापासून ५ सेकंदांत हातोडा पडला पाहिजे. तुटलेला भाग करडा, तंतुमय, बाजूने ओढलेला असेल तर धातूनं ताकद लावून दम सोडला. साखरेसारखा चमकत असेल तर तो काचेसारखा फुटला. तोडायला किती ऊर्जा लागली तो आकडा वहीत लिहिण्याआधी दोन्ही तुकडे हातात घेऊन उजेडात फिरवून बघा.

या टेस्टचं मोल 'विक्रांत' या विमानवाहू जहाजात कळतं. बाहेरून येणारं स्टील मिळेना, तेव्हा डीएमआरएल आणि सेल ही सरकारी पोलाद कंपनी यांनी मिळून डीएमआर २४९ए हा ग्रेड तयार केला. भिलाई, बोकारो आणि रुरकेलाच्या कारखान्यांतून सुमारे ३०,००० टन विशेष स्टील या जहाजासाठी गेलं. हे स्टील उणे ६० अंशांना चार्पीवर तपासतात. कोचीला किंवा अरबी समुद्रात एवढी थंडी कुठून येणार, असं मुलं विचारतात. पाण्याखाली स्फोट झाला तर धक्का क्षणार्धात बसतो, आणि भार जितक्या झटक्यात येतो तितकं स्टील ठिसूळपणे वागतं. थंडीतही तेच होतं. उणे ६० ला जे चिवट राहतं, ते धक्क्यालाही तोंड देईल असा भरवसा मिळतो. जहाजाचं पहिलं स्टील २००५ साली कापलं गेलं आणि ते नौदलात दाखल झालं २ सप्टेंबर २०२२ ला. या क्षेत्रात काळ असा मोजावा लागतो. ज्यांनी सुरुवातीच्या हीट (भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या खेपा) वितळवल्या, त्यांतले कितीतरी जण तोवर निवृत्त झाले असतील. याची मनाची तयारी असेल तरच या.

मुलाखतीत पाठांतर चालत नाही. एक नमुना देते: स्टीलची ताकद कार्बनमुळे, असं शाळेपासून शिकलात. मग मारेजिंग स्टीलमध्ये कार्बन ०.०३ टक्क्याच्याही खाली असतो, ताकद कुठून येते? उत्तर उलगडत सांगता आलं पाहिजे. १८ टक्के निकेलमुळे थंड होताना मार्टेन्साइट नावाची मऊ रचना तयार होते. त्या मऊ अवस्थेतच मशीनिंग, वेल्डिंग उरकून घेता येतं. मग साधारण ४८० अंशांना काही तास एजिंग केलं, म्हणजे तापवून ठेवलं, की निकेल-मॉलिब्डेनम, निकेल-टायटॅनियमचे बारीक कण आत उमटतात आणि तेच धातूला घट्ट धरतात. क्वेंचिंगचा (एकदम थंड करण्याचा) धक्का नसल्याने जॉब फारसा वाकडा होत नाही. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं २.८ मीटर व्यासाचं आवरण याच स्टीलचं आहे. पुढचा प्रश्न हमखास "तुम्ही स्वतः काय बघितलंय?" असा येतो, आणि तिथे वर सांगितलेले पीस कामाला येतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. हीट नंबर, पीस कुठून कापला, रोलिंगची दिशा, एचंट, वेळ, पट, फोटोचा नंबर, सगळं शाईने लिहा. खोडलेलं वाचता आलं पाहिजे. प्लेट कापायच्या आधी तिच्यावरचा हीट नंबर उरणाऱ्या तुकड्यावर पंच करून घ्यायचा, हे आमच्या शॉपमधला हेल्परसुद्धा विसरत नाही. हीट नंबर हरवलेल्या धातूला संरक्षणात कुणी हात लावत नाही, मग टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) कितीही सुंदर असू दे. डीआरडीओत शास्त्रज्ञाची बढती जागा रिकामी होण्यावर अवलंबून नसते. मूल्यांकनाच्या मुलाखतीत स्वतःचं काम मांडावं लागतं. तिथे अशाच वह्या उघडतात. पेपर छापायला परवानगी लागते, बरंच काम बाहेर सांगता येत नाही. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा, विशेषतः लग्न ठरताना.

निवड झाली तरी मेडिकल, कागदपत्रांची तपासणी आणि पोलीस व्हेरिफिकेशन यांत महिने जातात. राहण्याचे सगळे जुने पत्ते, भाड्याच्या खोल्यांसकट, तारखांनिशी एका कागदावर तयार ठेवा. नेमणुकीचं पत्र प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका.