खसखस घरीच ठेवा: दुबई-शारजाला निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

मे महिन्यात मी सुट्टीला कोल्हापुरात आले की मंगळवार पेठेतल्या आमच्या सोप्यात रोज संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन बसतं. "ताई, पोरगं दुबईला निघालंय, जरा चार गोष्टी सांगा की." कधी शिरोली एमआयडीसीतला फिटर असतो, कधी नर्सिंग झालेली मुलगी, कधी लेकाकडं महिनाभर फिरायला निघालेले काका-काकू. अठरा वर्षं मी शारजात राहते आणि औषधांच्या दुकानात काम करते. तेच तेच सांगून झालं, म्हणून यंदा लिहूनच काढते.

सगळ्यात आधी बॅग उघडा. कांदा-लसूण मसाल्याचा डबा बाहेर काढा आणि त्यात खसखस आहे का ते घरात विचारा. आपल्या बऱ्याच घरांत मसाल्यात तीळ-खोबऱ्याबरोबर खसखस असते, पांढऱ्या रश्श्याच्या वाटणात असते, अनारशांवर तर असतेच. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. ती अफूच्या बोंडातली म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात येते, आणि "आमच्याकडं किराणा दुकानात मिळते" हे तिथं उत्तर होत नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी आईनं दिवाळीसाठी अनारशाचं पीठ आणि वेगळी खसखशीची पुरचुंडी बांधून दिली होती. विमानतळावर ती निघाली. तीन तास एका खोलीत बसवलं, पुरचुंडी काढून घेतली, जबाब लिहून घेतला आणि सोडलं. मला सोडलं, पण प्रत्येकाला सोडतीलच असं मनात धरू नका. त्या तीन तासांत मी देवीला किती वेळा हाक मारली ते मलाच ठाऊक. तेव्हापासून आमच्या घरात माझ्यासाठी बिनखसखशीचा मसाला वेगळा कुटतात, आणि त्याची चव काही कमी लागत नाही.

दुसरं, दुसऱ्याची पिशवी घेऊ नका. "जाताच आहात तर आमच्या भाच्याला एवढं द्या" असं म्हणून शेजारी डबा आणून देतात, आणि नाही म्हणायला आपल्याला जमत नाही. एक तर तुमच्यासमोर सगळं उघडून, बघून भरा, नाहीतर हात जोडून नाही म्हणा. बॅगेत जे सापडेल ते तुमचं, एवढंच तिथं धरतात.

आता औषधं. हे माझं रोजचं काम, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडं सहज मिळणारी बरीच औषधं तिथं नियंत्रित आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिलेली अल्प्राझोलाम, नसांच्या दुखण्यावरची प्रेगाबालिन, ही त्यातली काही नावं. लेकाकडं निघालेल्या आई-वडिलांच्या पिशवीत यातलं एखादं हमखास असतं. अशी गोळी लागतच असेल, तर निघण्याआधी तिथल्या आरोग्य मंत्रालयाकडून ऑनलाइन परवानगी काढावी लागते. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्यासुद्धा मूळ पाकिटातच ठेवा. सोमवार-मंगळवारच्या प्लास्टिकच्या डबीत काढून नेऊ नका. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, शिक्क्यासह आणि औषधाच्या मूळ (जेनेरिक) नावासह बरोबर असू द्या. महाशिवरात्रीची भांगही अमली पदार्थांतच मोजतात. नुसतं बाळगणं नव्हे, रक्तात-लघवीत अंश सापडला तरी गुन्हा धरला जातो. निघायच्या आधीचे दिवस त्या वाटेला जाऊच नका.

आता जिभेबद्दल. आपली भाषा रांगडी आहे आणि मला ती जिवापेक्षा प्यारी आहे. आपल्यात जिवलग मित्राला शिवी घातल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. पण तिथं २०२१ चा सायबर गुन्ह्यांचा कायदा आहे, आणि फोनवरून, मेसेजमधून कुणाचा अपमान केला तर तुरुंगवास किंवा अडीच लाख ते पाच लाख दिऱ्हॅम दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वर देशाबाहेर काढतात ते वेगळंच. आमच्या ओळखीतल्या एका पोरानं खोलीच्या भाड्यावरून रागाच्या भरात खोलीतल्या सोबत्याला एक व्हॉइस मेसेज पाठवला. तो मेसेज पुरावा झाला. शेवटी सोबत्यानं तक्रार मागं घेतली म्हणून निभावलं, पण पोराची नोकरी गेली. राग आला तर फोन खाली ठेवा. गाडी चालवताना हातवारे करू नका, त्यावरूनही तक्रारी होतात.

त्याच कायद्यात परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणं, तो पुढं पाठवणं हाही गुन्हा आहे, आणि त्याला किमान सहा महिने कैद किंवा दीड ते पाच लाख दिऱ्हॅम दंड आहे. अपघात झाला की आपण आधी मोबाइल काढतो. तिथं ते करू नका. सरकारी इमारती, लष्करी जागा, विमानतळाचा आतला भाग, यांच्याकडं कॅमेरा वळवू नका. बाईमाणसांचे फोटो तर मुळीच नकोत. अफवा पुढं ढकलणं हाही गुन्हाच, त्यामुळं पेठेच्या ग्रुपवर आलेलं जसंच्या तसं तिथल्या ग्रुपवर टाकू नका. धर्मावरून कुणाला खिजवणारा विनोद, मग तो कुठल्याही धर्माचा असो, लिहूही नका आणि पाठवूही नका.

वर्गणीचं ऐकून सगळे चकित होतात. तालमीच्या, मंडळाच्या पोरांच्या हातात पावतीपुस्तक जन्मापासून असतं. गावाकडं कुणी आजारी पडलं, कुणाचं घर पडलं, की आपण पहिल्यांदा पैसे गोळा करतो. हा आपला चांगुलपणा आहे आणि तो सोडू नका. पण अमिरातीत परवाना असलेल्या संस्थेशिवाय देणग्या गोळा करायला बंदी आहे, त्यासाठी २०२१ चा स्वतंत्र कायदा आहे. ग्रुपवर "अमक्याच्या ऑपरेशनसाठी प्रत्येकी शंभर दिऱ्हॅम" असं लिहिणंसुद्धा त्यात येऊ शकतं. मदत करायची तर तुमच्या खात्यातून थेट त्या घरच्या माणसाच्या खात्यात पाठवा, किंवा परवानाधारक संस्थेमार्फत द्या. गणपती आम्ही घरी बसवतो, आरती करतो, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही एवढ्याच आवाजात, आणि बादलीत विसर्जन करतो. रस्त्यावर मिरवणूक, ढोल, फटाके नाहीत. देवळं आहेत. जबल अलीचं मंदिर ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडलं, अबुधाबीजवळच्या मोठ्या मंदिराचं उद्घाटन १४ फेब्रुवारी २०२४ ला झालं. पहिल्या नवरात्रात अंबाबाईची आठवण येऊन जीव कासावीस होतो, तेव्हा तिथं जाऊन या.

"आमच्या गल्लीत निम्मे मुसलमान, आम्हाला काय नवीन?" असं पोरं म्हणतात. खरंय. शाहू महाराजांनी १९०६ मध्येच इथं मुस्लिम बोर्डिंग काढलं, आणि आपल्या कित्येक तालमींत गणपती आणि मोहरमचे पंजे एका छताखाली बसतात. ही शिदोरी मोठी आहे, तिचा मनाला आधार होतो. पण गल्लीतली घसट वेगळी आणि दुसऱ्या देशाचा कायदा वेगळा. तिथं पंजांच्या मिरवणुका नसतात, दर्ग्याच्या जत्रा नसतात. तिथली रीत नव्यानं बघा, विचारा आणि मग वागा.

रमजानचं उदाहरण घ्या. आपल्या उपवासाला साबुदाणा चालतो, चहा चालतो. रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही, आणि बाहेर चाळीस अंशांवर ऊन असू शकतं. म्हणून दिवसा रस्त्यात, बसमध्ये, साइटवर सगळ्यांसमोर पाणी पिणं, खाणं, सिगारेट ओढणं टाळा. आडोशाला, खोलीत, उघड्या असलेल्या हॉटेलात बसून खायला हरकत नाही. त्या महिन्यात खाजगी नोकरीतही कामाचे रोजचे दोन तास कमी होतात, आणि ते रोजा नसलेल्यांचेही. कंपनीनं नाही म्हटलं तर मागा, कायद्यानं तुमचे आहेत. संध्याकाळी शेजाऱ्यानं इफ्तारला बोलावलं तर जा. माझी तिथली सगळ्यात घट्ट मैत्री खजुराच्या एका ताटलीवरच जमली.

दारूचं थोडक्यात. शारजात पूर्ण बंदी आहे. दुबईत एकवीस वर्षांवरच्या मुसलमानेतरांना परवाना असलेल्या ठिकाणी मिळते. रस्त्यावर झिंगून फिरणं गुन्हा आहे आणि पिऊन गाडी चालवण्याला कणभरही सूट नाही. दुबईत प्यालात आणि शारजातल्या खोलीवर परत निघालात, तर सीमा ओलांडताना कायदा बदलतो हे ध्यानात ठेवा. कपड्यांचे नियमही शारजात कडक आहेत. खांदे-गुडघे झाकलेले असले की कुणी बोलत नाही. तंबाखू मळून पिचकारी मारायची सवय इथंच रंकाळ्यावर सोडून या, तिथं दंड भरावा लागेल. दुबई मेट्रोत खाणं-पिणं नाही, बायकांच्या डब्यात पुरुषांनी चढायचं नाही, रस्ता फक्त क्रॉसिंगवरूनच ओलांडायचा.

मात्र माणसं खरी अडकतात ती कागदात. "व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर कामाचा करून देतो" असं एजंट म्हणाला, की तिथूनच उठा. व्हिजिटवर काम करणं बेकायदेशीर आहे, पगार बुडाला तर दाद मागायला तोंड राहत नाही. भारत सरकारकडं नोंदणी असलेला एजंट ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो, आणि त्याला जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. दीड-दोन लाख मागणाऱ्याला विचारा, उरलेले कशाचे? दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो, त्यांना सरकारी मंजुरी आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे, तो चुकवू नका. डिग्री, आयटीआयचे दाखले, लग्नाचा दाखला यांचं प्रमाणीकरण राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मुंबईतला अमिरातीचा वाणिज्य दूतावास, या क्रमानं इथूनच करून घ्या.

तिथं पोचल्यावर पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. मालकानं तो ठेवून घेणं बेकायदेशीर आहे, "सगळ्यांचे आमच्याकडंच असतात" म्हटलं तरी. भरतीचा खर्च मालकानं करायचा असतो, तो पगारातून कापता येत नाही. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम घ्यायला बंदी आहे. पगार थांबला तर भांडू नका, घोळक्यानं जमून घोषणा तर अजिबात देऊ नका. संप-मोर्चा हा आपला कोल्हापुरी मार्ग तिथं गुन्हा ठरतो. कामगार मंत्रालयाकडं तक्रार करा, भारतीय वकिलातीच्या मदत केंद्रात जा. मी दोन पोरांना तिथं नेलं आहे, दोघांचा थकलेला पगार मिळाला.

खोली घेताना भाडेकरारावर कुणाचं नाव आहे ते बघा. लाकडी फळ्या मारून केलेल्या पार्टिशनवर दुबईत २०२५ मध्ये मोठी कारवाई झाली, लोक एका दिवसात रस्त्यावर आले. बँकवाले पहिल्याच महिन्यात क्रेडिट कार्ड हातात देतील, घेऊ नका. हप्ते थकले की देश सोडायला बंदी येऊ शकते, आणि मग घरी काही बरंवाईट झालं तरी विमानात बसता येत नाही. असा एक मुलगा मी पाहिला आहे. वडिलांना अग्नी धाकट्या भावानं दिला. हा मुलगा माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून फोनवर ते बघत होता.

राहता राहिलं पाहुणचाराचं. सलामाला सलाम द्या. समोरच्या बाईनं हात पुढं केल्याशिवाय आपण हात पुढं करू नका. घेणं-देणं उजव्या हातानं. पाय कुणाच्या तोंडासमोर करून बसू नका. एखाद्या अमिराती घरात गेलात की चपला दाराशी काढा. छोट्या कपात गहवा येईल, वेलदोडा घातलेली कडसर कॉफी, कप थोडासाच भरलेला. कमी दिली असं वाटून घेऊ नका, तीच रीत आहे. कप पुढं केला की पुन्हा भरतील, पुन्हा केला की पुन्हा. आपल्याकडं ताटावर आडवा हात धरतो तसं तिथं नुसतं "बस" म्हणून भागत नाही. पुरे झाली की रिकामा कप उजव्या हातानं जरासा हलवायचा आणि परत द्यायचा.