भुसावळच्या मैदानावर बेस वाजवायला जाताना

पहिलं काम फोनचं. आपल्याकडे साऊंडवाला सबच्या (जाड, खालचा आवाज देणाऱ्या सबवूफरच्या) पेटीलाच ‘बेस’ म्हणतो. म्हणून स्पष्ट सांगा, “दादा, बेस गिटारला वेगळा चॅनल पाहिजे, आणि तो सबमध्येही सोडा.” चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झवर बोलते, नुसत्या टॉपवर, म्हणजे वरच्या स्पीकरवर, तिचा खोल सूर नीट येत नाही.

बेस कोणता? मी प्रिसिजन धाटणीचा पॅसिव्हच नेतो. फेंडर कंपनीने तो १९५१ मध्ये आणला, आणि गर्दीच्या आवाजात त्याच्याइतका ठाम सूर मला दुसऱ्यात मिळालेला नाही. त्याला सेल लागत नाही. तुमचा ॲक्टिव्ह (आत सेलवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर ९ व्होल्टचा नवा सेल घाला आणि वाजवत नसताना जॅक काढून ठेवा. जॅक आत राहिला की सेल उतरत राहतो. तारा दोन दिवस आधी बदला, म्हणजे ताणून बसतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा बेस गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नका, नेक (तारांखालची लांब दांडी) वाकते. तिचा वाक सरळ करणाऱ्या आतल्या ट्रस रॉडची चावी बॅगेत हवीच.

ॲम्पचं लहान हेड (नुसता ॲम्प) आणि एक कॅबिनेट (स्पीकरची पेटी) पुरे, ते फक्त स्वतःला ऐकू येण्यासाठी. दोन कॅबिनेट जोडणार असाल तर हिशेब करा: ८ ओमची दोन समांतर जोडली की ४ ओम होतात, आणि हेड ४ ओमला चालतं का ते मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. हेड ते कॅबिनेट स्पीकरचीच वायर, गिटारची नाही. लोकांपर्यंत आवाज डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या छोट्या पेटीतून) मिक्सरला जातो, त्यामुळे पैसे आधी त्यात घाला.

आता अर्थिंग. धुळ्याला एका गॅदरिंगमध्ये माझा हात तारांवर होता, ओठ माइकला लागले आणि झटका बसला. जनरेटरला अर्थिंगच नव्हतं. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण घुं-घुं आवाज घालवतं, झटका नाही. प्लगची तिसरी पिन कधीही कापू नका. जनरेटरजवळ जमिनीत अर्थिंगची सळई ठोकली आहे का ते स्वतः जाऊन बघा. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळून कोरडी पडते, म्हणून सळईच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावा, मगच माइकच्या जाळीला टेस्टर लावून करंट येतो का ते बघा.