जुन्या मोटरसायकलची बॅटरी सारखी उतरते? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

सेल्फ मारला की नुसतं टक-टक, हॉर्नचा घसा बसलेला, इंडिकेटर लागतो पण लुकलुकत नाही. असं झालं की बहुतेक जण सरळ नवी बॅटरी आणतात. ती भरलेलीच येते, त्यामुळे थोडे दिवस गाडी छान चालते आणि मग पुन्हा तेच रडगाणं. मग रेक्टिफायर (इंजिनकडून येणारी एसी वीज बॅटरीला लागणाऱ्या डीसीत बदलणारा भाग) बदलला जातो, तरी फरक पडत नाही म्हणून कॉइल प्लेट (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल). एवढा खर्च होतो आणि दोष बरेचदा एखाद्या काळवंडलेल्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये) असतो. जुन्या गाडीत पार्टपेक्षा जोड आधी थकतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी मल्टीमीटर (व्होल्ट, करंट मोजणारा मीटर) घ्या. साधा, स्वस्तातला असला तरी चालेल.

बॅटरी न तपासताच चार्जिंगला दोष देणं

बॅटरीच गेलेली असेल तर पुढचं प्रत्येक रीडिंग दिशाभूल करतं. आधी ती चार्जरवर पूर्ण भरा. लेड-ॲसिड बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट पुरतो, म्हणजे 9 अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण 0.9 अँपिअर. भरल्यावर लगेच मोजू नका, काही तास तशीच राहू द्या. चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी खोटा, चढा आकडा दाखवते. त्यानंतर 12.6 ते 12.8 व्होल्ट मिळाले तर ठीक. 12.4 म्हणजे साधारण पाऊण भरलेली, 12 म्हणजे जवळजवळ रिकामी. पूर्ण चार्ज करूनही आकडा 10.5 च्या आसपास अडकला असेल तर एक सेल गेला आहे. आत सहा सेल असतात आणि प्रत्येकाचे जेमतेम 2.1 व्होल्ट, तेवढाच आकडा कमी पडतो.

व्होल्ट पूर्ण दिसले तरी खात्री धरू नका. सेल्फ दाबून ठेवा आणि त्याच वेळी मीटर बघा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर टर्मिनल घासून, घट्ट करून पुन्हा बघा. तरीही तेच होत असेल तर बॅटरी बदला. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. वापरात उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं, त्यामुळे वरून ॲसिड घालून बॅटरी सुधारत नाही, प्लेटा खराब होतात.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढणं

‘वायर काढूनही गाडी चालू राहिली, म्हणजे चार्जिंग आहे’ ही तपासणी अजूनही सर्रास केली जाते. कृपया करू नका. व्होल्टेजचे झटके बॅटरी अंगावर घेत असते. ती मधून काढली की ते झटके बल्ब, सीडीआय (स्पार्क सांभाळणारं युनिट) आणि रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग, बरेचदा रेक्टिफायरच्याच डब्यात) यांच्यावर जातात आणि नसलेला बिघाड तयार होतो.

बरोबर पद्धत याहून सोपी आहे. मीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावा, गाडी सुरू करा आणि रेस 4000-5000 आरपीएमपर्यंत न्या. 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळाले तर चार्जिंग उत्तम. आयडलवरचा (रेस न देतानाचा) आकडा बघून निकाल देऊ नका, बऱ्याच जुन्या गाड्या आयडलला पुरेसा करंट देतच नाहीत. रेस वाढवूनही आकडा 12 च्या घरात रेंगाळला तर चार्जिंग नाही. 15 च्या वर गेला तर बॅटरी उकळतेय: पाणी भराभर आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब उडतात. 6 व्होल्टच्या गाडीत हे सगळे आकडे साधारण निम्मे धरा.

जादा चार्जिंग दिसलं की रेग्युलेटर फेकून देऊ नका. काही गाड्यांत त्याची एक बारीक वायर चावीच्या स्विचनंतरचं व्होल्टेज वाचत असते. स्विचचे कॉन्टॅक्ट झिजले की तिला खरा आकडा कळत नाही, बॅटरी कमी भरली आहे असं समजून रेग्युलेटर आणखी चार्ज करतो. अशा वेळी स्विच साफ केल्यावर रेग्युलेटर ठणठणीत निघतो.

जोड न बघता पार्ट बदलणं

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. कॉइल प्लेटमधून निघणाऱ्या वायरी (अनेक गाड्यांत तीन पिवळ्या) जिथे रेक्टिफायरला जोडल्या जातात, तो कपलर उघडून उजेडात धरा. प्लॅस्टिक तपकिरी पडलंय का? एखाद्या पिनभोवती कडा वितळली आहे का? त्या पिनेची वायर वाकवून बघा. कडक लागली तर इन्सुलेशन थोडं मागे सोला. आतली तांब्याची तार काळी दिसेल. सैल पिन तापते, तापल्याने तिच्यावर थर चढतो आणि थरामुळे ती आणखी तापते. काळी तार चमकदार तांबं लागेपर्यंत कापा आणि नवी पिन नीट दाबून बसवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड पुन्हा तापणारच.

अर्थिंगचंही तसंच. हौसेने नवा रंग मारलेल्या जुन्या गाडीत चार्जिंग बिघडलं तर पहिला संशय रंगावर घ्या. रेक्टिफायरची बॉडी किंवा अर्थ वायर ज्या बोल्टाखाली बसते, तिथे रंगाचा थर असला तर करंटला परतीची वाटच राहत नाही. तेवढी जागा पॉलिश पेपरने उघडी करा.

डोळ्यांना न दिसणारा खराब जोड मीटर पकडतो. इंजिन रेसवर असताना एक टोक रेक्टिफायरच्या पॉझिटिव्ह वायरला आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. आकडा शून्याजवळ हवा. 0.3 व्होल्टच्या पुढे गेला तर मधे कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय. रेक्टिफायरची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातही असंच मोजा.

हे सगळं ठीक असेल तरच कॉइल प्लेटकडे वळा. तीन पिवळ्या वायरींची असेल तर कपलर सोडवून, मीटर एसीवर ठेवून, दोन-दोन वायरींत मोजा. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा हवा आणि रेसबरोबर वाढायला हवा, 5000 आरपीएमला बहुतेक ठिकाणी 50 व्होल्टच्या वर. झटका बसण्याइतकं व्होल्टेज असतं, उघड्या पिनांना हात लावू नका. इंजिन बंद करून कोणतीही पिवळी वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी (करंटला सलग वाट आहे का) बघा. मिळाली तर कॉइल जळून अर्थ झाली आहे. गार असताना पास झालेली कॉइल तापल्यावर नापास होऊ शकते, म्हणून गाडी फिरवून आणून पुन्हा मोजा.

हेडलाइट मंद म्हणून बॅटरीवर संशय

अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलच्या एसीवर चालतो. आयडलला मंद आणि रेसला लख्ख हा त्याचा स्वभावच आहे. त्यात डीसीचा एलईडी बल्ब बसवला तर तो फडफडतो.

मोठा फ्यूज टाकणं

फ्यूज वारंवार उडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. हँडलच्या मानेजवळ आणि टाकीखाली वायरिंग घासलं गेलंय का बघा. 10 अँपिअरच्या जागी 20 चा फ्यूज किंवा तारेचा तुकडा टाकलात तर फ्यूजऐवजी वायरिंग जळेल, तेही पेट्रोलच्या टाकीखाली.

उभ्या गाडीतली गळती विसरणं

चार्जिंग उत्तम, बॅटरी चांगली, तरी आठवडाभर उभी राहिली की गाडी मेलेली. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मीटर अँपिअरवर ठेवून ती वायर व टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. या अवस्थेत चावी फिरवू नका, सेल्फ तर नाहीच, मीटरचा फ्यूज उडेल. घड्याळ किंवा अलार्म नसलेल्या जुन्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. 50 मिलीअँपिअरची गळती दिवसाला 1.2 अँपिअर-अवर खाते, म्हणजे 9 ची बॅटरी आठवडाभरात संपते. गळती दिसली तर आधी मागाहून बसवलेल्या वस्तू सोडवा: जादा हॉर्न, मोबाइल चार्जर, फॉग लाइट. मग रेक्टिफायरचा कपलर काढा. तो काढताच आकडा शून्यावर आला तर आतला डायोड गळतोय. आता मात्र नवा रेक्टिफायर आणाच.