एका तपकिरी तारेने अडवलेला वेग
हॉलमधील राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ (नेटवर्कची) केबल टाकली होती. परंतु ३०० एमबीपीएसचे कनेक्शन असूनही संगणकावर वेग ९४ च्या वर जात नव्हता आणि मी महिनाभर बिचाऱ्या राउटरलाच दोष देत होतो. शेवटी केबलचा प्लग दिव्याखाली धरला, तेव्हा तपकिरी तार टोकापर्यंत पोहोचलेलीच नाही, असे दिसले. १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस, म्हणजेच १ जीबीपीएस) मात्र चारही लागतात. जुना प्लग कापून, तारा पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी या क्रमाने लावून, टोके एका रेषेत छाटून मी नवा आरजे-४५ प्लग क्रिंपिंगच्या पकडीने दाबला. पहिला प्लग वाया गेला, कारण घाईत हिरवी आणि निळी यांची अदलाबदल झाली होती. दुसऱ्या खेपेस संगणकाने १ जीबीपीएसची जोडणी दाखवली.