लॅपटॉपवर चहा सांडला तर: आधी वीज तोडा

कीबोर्डवर चहा सांडला की हात आपसूक फडक्याकडे जातो. पुसणं नंतर, आधी वीज. चार्जर लावलेला असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा, मग पिन काढा. ओल्या हाताने चालू सॉकेटमधली पिन ओढू नका. लगेच पॉवरचं बटण दाबून धरा. साधारण दहा सेकंदांत स्क्रीन काळी होते. उघडी फाइल सेव्ह करत बसू नका आणि नेहमीचं 'शट डाउन'ही नको, मध्येच अपडेट सुरू झालं तर मिनिटं जातात. माऊस, पेनड्राइव्ह, एचडीएमआय, सगळं काढा. खटका सरकवून निघणारी बॅटरी असेल तर तीही लगेच काढा.

आता टेबलाच्या कडेला टॉवेल पसरा. झाकण उघडंच ठेवून लॅपटॉप पालथा घाला, म्हणजे कीबोर्ड टॉवेलवर आणि स्क्रीन कडेवरून खाली लोंबती राहील. झाकण मिटलं तर चहा स्क्रीनच्या कडेतून आत शिरतो आणि काचेमागे कायमचे डाग पडतात. लॅपटॉप झटकू नका. कीबोर्डच्या थरात अडकलेलं पाणी त्याने मदरबोर्डवर, म्हणजे सगळ्या चिपा बसवलेल्या मुख्य बोर्डवर, उडतं.

विजेची एवढी घाई का, ते कळलं की पुढच्या चुका टळतात. नुसत्या पाण्याने बोर्ड सहसा मरत नाही. ओल्या जागी दोन बिंदूंमध्ये व्होल्टेज असेल, तर बोर्डवरचं तांबं विरघळून एकीकडून दुसरीकडे सरकू लागतं आणि त्याच्या वीज वाहणाऱ्या बारीक रेघा तुटतात. लॅपटॉप 'बंद' दिसला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत 3.3 आणि 5 व्होल्टच्या काही लाइनी जाग्या असतात, म्हणूनच बटण दाबताच तो उठतो. स्क्रीनच्या कनेक्टरवर तर धोका आणखी मोठा. बॅकलाइटची, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्यांची, लाइन कित्येक मॉडेलांत वीस व्होल्टच्या वर असते आणि जवळच्याच पिना जेमतेम दोन-तीन व्होल्ट सोसणाऱ्या. तिथे थेंब असताना 'चालू होतोय का बघू' म्हणून बटण दाबलं की वाचू शकणारा लॅपटॉप हातचा जातो. हा मोह आवरणं ही निम्मी दुरुस्ती आहे.

तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका. चिपखाली केसाएवढ्या फटीत शिरलेलं पाणी तांदूळ ओढू शकत नाही, साखर आणि दूध तर तिथेच राहतं, वर पोर्टमध्ये पीठ जातं. हेअर ड्रायरची हवा थेंब आत ढकलते आणि प्लास्टिक वाकवते. उन्हात ठेवणं बॅटरीला घातक.

यानंतर लॅपटॉप उघडावाच लागतो. अपघाती नुकसानीचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर स्वतः उघडू नका, कंपनीला कळवा. साध्या वॉरंटीत पाणी-चहा धरत नाहीत. हत्यारांची सवय नसेल तर त्याच दिवशी चिप लेव्हल काम करणाऱ्याकडे, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरच्या चिपा दुरुस्त करणाऱ्याकडे, न्या आणि काय सांडलं ते खरं सांगा. 'आपोआप बंद पडला' म्हटलं तर तो निदान म्हणून आधी पॉवर देऊन बघेल, आणि नेमकं तेच नको आहे.

स्वतः करणार असाल तर फिलिप्सचे पीएच0 आणि पीएच00 स्क्रू ड्रायव्हर लागतात. मॅकबुकच्या तळाला पाच पाकळ्यांचा पेंटालोब. शिवाय मऊ टूथब्रश, जुनं एटीएम कार्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, आणि 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. 200 मिली पुरे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत आयपीए मागा. सॅनिटायझर चालत नाही. त्यातलं ग्लिसरीन बोर्डवर चिकट थर ठेवतं.

तळाचे स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्याच जागी टेपने चिकटवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर खालचा बोर्ड फोडतो. कव्हर निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. काही वर उचलून निघतात, काही बाजूला सरकवून. वायरी धरून ओढू नका, प्लास्टिकचा ठोकळा कार्डाच्या कडेने हलवा. बोर्डवर बटणासारखा चपटा छोटा सेल असेल तर तोही काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू नका, दाबू नका, काम तिथेच थांबवून दुकान गाठा.

मग ओल कुठवर गेली ते पाहा. काही लॅपटॉपमध्ये पांढरे बारीक स्टिकर असतात, पाणी लागलं की लाल होतात. चहाचे तपकिरी कडा असलेले डाग, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरी पूड, रॅमच्या खाचेत चिकटपणा, हे शोधा. रॅम, एसएसडी (डेटा साठवणारी पट्टी), वायफाय कार्ड, पंखा उतरवा आणि शक्य असेल तर बोर्ड बाहेर काढा, कारण कीबोर्डमधून आलेला चहा बहुधा पलीकडच्या बाजूला साचतो. हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढणारा धातूचा भाग, उचललात तर त्याखाली नवी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) लावावी लागेल.

दुधाच्या चहाला थेट आयपीए लावू नका. साखर त्यात नीट विरघळत नाही आणि दुधातलं प्रथिन गोठून चिपच्या कडेला चिकटतं. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेल्या ब्रशने डाग सुटेपर्यंत हलकेच घासा, मेटल शील्डच्या (चिपांवरच्या पत्र्याच्या झाकणांच्या) आणि मोठ्या चिपच्या कडा सोडू नका. ते पाणी टिपून घ्या, मग आयपीए सढळ वापरून पुन्हा घासा. ते फटीतलं पाणी ओढून घेऊन उडून जातं. साधं पाणी सांडलं असेल तर थेट आयपीए चालेल. पंखा लावा, खिडकी उघडा, आसपास गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा पेटता नको. आयपीए स्क्रीनच्या पृष्ठभागावर आणि स्पीकरच्या पडद्यावर लागू देऊ नका.

सुटे भाग टेबल फॅनसमोर निदान 24 तास, पावसाळ्यात 48 तास ठेवा. कोकणातल्या जुलैच्या हवेत काहीच नीट वाळत नाही. एसीची खोली किंवा सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा बरा.

जोडताना बॅटरी सर्वांत शेवटी. चालू झालाच नाही तर लगेच बोर्डला दोष देऊ नका. बऱ्याच मॉडेलांत पॉवरचं बटण कीबोर्डच्याच पत्र्यावर असतं आणि चहाने तोच गेलेला असतो. अक्षरं आपोआप उमटत असतील तर कीबोर्डला बोर्डशी जोडणारी चपटी पट्टी सोडवून बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावा. चहा प्यायलेला कीबोर्ड धुऊन क्वचितच सुधारतो, बदलायची तयारी ठेवा. जळका वास आला किंवा एखादी चिप हाताला चटका देऊ लागली तर ताबडतोब बॅटरी सोडवा.

चालू झाला तर पहिल्याच तासात डेटा बाहेर काढा, कारण गंज काही आठवड्यांनीही घात करतो. बोर्ड गेलाच तर सुटी निघणारी एम.2 प्रकारची एसएसडी यूएसबीच्या केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकावर वाचता येते. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की (ते उघडणारा लांब आकडा) लागते, ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. अलीकडच्या मॅकबुकमध्ये मात्र स्टोरेज बोर्डवरच असतं, तिथे डेटासाठीही बोर्ड जिवंत करावा लागतो. अशा मशीनवर घरी प्रयोग न करता थेट चिप लेव्हलवाल्याकडे द्या आणि डेटा हवा आहे हे आधीच सांगा.