धनादेश न वटल्याचे खटले: विलंब मोजण्याची एक रीत

इंदूरच्या सियागंजमधील व्यापाऱ्याला मिळालेला धनादेश वटला नाही आणि नोटीस पोहोचल्यावरही पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली तो तक्रार दाखल करतो. अशी सुनावणी तक्रारीपासून सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असे कलम १४३(३) सांगते. देवी अहिल्या विश्वविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला लघुप्रबंधासाठी याहून नेमका प्रश्न क्वचितच मिळेल: जिल्हा न्यायालयात ही मुदत किती खटल्यांत पाळली जाते आणि वेळ कोठे जातो? ‘न्यायव्यवस्थेतील विलंब’ असा ऐसपैस विषय घेऊ नये. त्यात आकडे साचतात, उत्तर सापडत नाही.

देशभरच्या न्यायालयांतील खटल्यांचे आकडे देणाऱ्या राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या संकेतस्थळावरील जिल्हानिहाय प्रलंबित खटले पार्श्वभूमीपुरते पाहावेत. खरे काम न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर आहे. तेथे प्रत्येक खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक), दाखल झाल्याची तारीख आणि सुनावणीच्या तारखांचा इतिहास मिळतो.

नमुना निवडताना सर्वाधिक काळजी घ्यावी. केवळ निकाली खटले घेतले तर रखडलेले हिशेबातून गळतात आणि न्यायालय आहे त्यापेक्षा वेगवान भासते. म्हणून एकाच वर्षी, समजा २०२२ मध्ये, दाखल झालेल्या निकाली व प्रलंबित खटल्यांच्या याद्या एकत्र करून क्रमाने लावाव्यात आणि ठरावीक अंतराने खटले उचलावेत. सरासरीऐवजी सहा महिन्यांत संपलेल्यांचे प्रमाण काढावे, कारण प्रलंबित खटल्याला एकूण किती काळ लागेल हे अजून ठरलेलेच नसते. तडजोडीने मिटलेले खटले वेगळ्या स्तंभात नोंदवावेत. कॅप्चा (संकेतस्थळ वापरणारा माणूसच आहे ना, हे तपासणारी अक्षरे) चुकवणारी आज्ञावली लिहिण्याच्या फंदात पडू नये. दोनशे नोंदी हाताने भरल्या तर तारखा का पडतात हेही उमगू लागते. पक्षकारांची नावे तक्त्यात घेऊच नयेत, आणि नावापर्यंत पोहोचवणारा सीएनआर क्रमांकही तक्ता प्रसिद्ध करताना काढून टाकावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२१ मध्ये या खटल्यांच्या विलंबाचा विचार केला, तेव्हा समन्सची बजावणी हा त्यातील एक मुद्दा होता. त्यामुळे तक्रारीपासून आरोपीच्या पहिल्या हजेरीपर्यंतचा काळ स्वतंत्र मोजावा. तो मोठा निघाल्यास समन्स बजावणाऱ्या कर्मचाऱ्यांची मंजूर व रिक्त पदे माहितीच्या अधिकाराखाली विचारावीत. उत्तरासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे.

शेवटी निष्कर्षांचे टिपण करावे; ते दोन पानांहून मोठे नसावे. बजावणीविषयीचा भाग प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे द्यावा, तर तडजोडीविषयीचा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, कारण लोकअदालत तेच भरवते.